पहिली दोन वर्षे कोणाच्या खर्चाने?

(वर्धा येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले ते १९८३ साली. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले तेही त्याच वर्षी. त्याआधी आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या मुलाला इंजिनिअर व्हायचे तर नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात नंबर लागायला हवा, नाहीतर कर्नाटकात जाऊन कॅपिटेशन फी मोजायची ऐपत हवी. आज राज्यात अभियांत्रिकी पदवीच्या जागा दोन लाखांच्या घरात गेल्या आहेत. प्रवेश मिळणे ही आता अडचण राहिलेली नाही. चार वर्षे संपली की पुढे काय, ही अडचण आहे. आणि तिच्याबद्दल बोलताना आपण सगळे, म्हणजे सरकार, कंपन्या, प्राध्यापक आणि पालकही, एकच उत्तर देतो: मुलांकडे कौशल्य नाही. हे उत्तर अपुरे आहे असे मला म्हणायचे आहे. पदवी मिळालेला मुलगा आणि कामाचा इंजिनिअर यांच्यामध्ये कोणातरी जाणत्याच्या हाताखाली केलेले दीड-दोन वर्षांचे काम असते. ते पूर्वीही लागे, आजही लागते. पूर्वी त्याचा खर्च मालक उचलत असे. आता तो गुपचूप मुलाच्या घरावर येऊन पडला आहे, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यातल्या घरांना तो सर्वांत जड जातो.

आधी पगाराचा हिशेब मांडू, कारण त्यात भावनेला जागा नाही. २०१२ च्या सुमारास मोठ्या आयटी सेवा कंपन्या कॅम्पसमधून मुले उचलत तेव्हा वर्षाला तीन ते सव्वातीन लाखांचे पॅकेज देत. देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीची, टीसीएसची, ‘निंजा’ नावाची जी सर्वसाधारण भरती अलीकडे चालते, तिचे पॅकेज आहे ३ लाख ३६ हजार. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ साली १०० धरला होता. २०२४ च्या अखेरीस तो १९५ च्या आसपास होता. म्हणजे तेव्हाच्या तीन लाख वीस हजारांची बरोबरी करायला आज सव्वासहा लाख लागतात. नवा मुलगा आज त्याच्याआधीच्या पिढीच्या निम्म्याहून थोड्या जास्त मोलावर रुजू होतो आहे. ३ लाख ३६ हजार म्हणजे महिन्याला २८ हजार. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वजा करून जे हातात पडते, त्यात पुण्याच्या हिंजवडीला खोलीचे भाडे, मेस आणि जाणे-येणे भागवायचे. या पगाराला वाईट म्हणण्यात अर्थ नाही, गावात तोही मोठा वाटतो. पण ज्या घराने शेत गहाण ठेवून किंवा शैक्षणिक कर्ज काढून चार वर्षांची फी भरली, त्या घराच्या दृष्टीने हा सौदा बारा वर्षांत जवळपास अर्ध्यावर आला, हे कोणी त्यांना सांगितलेले नाही.

असे का झाले याचे एक उत्तर शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गेल्या हंगामात ज्याला भाव मिळाला तेच पीक या हंगामात सगळे पेरतात, माल बाजारात एकदम येतो आणि भाव पडतो. इंजिनिअरांच्या बाबतीत हेच घडते, हे हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ साली अमेरिकेच्या आकड्यांवरून दाखवले होते. सुरुवातीचा पगार चढला की पहिल्या वर्षाला गर्दी होते. ती गर्दी चार वर्षांनी एकाच वेळी बाहेर पडते आणि पगार खाली येतो. मग प्रवेश आटतात आणि चक्र पुन्हा फिरते. आपल्याकडे याच चक्राने दहा-बारा वर्षांपूर्वी मेकॅनिकल आणि सिव्हिलचे वर्ग ओस पाडले आणि आता कॉम्प्युटर, डेटा सायन्स, आर्टिफिशियल इंटेलिजन्स असल्या नावांच्या शाखा फुगवल्या आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी दाखवणाऱ्या महाविद्यालयांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादाच उठवली. आता ज्याचा भाव गेल्या वर्षी होता त्याची पेरणी हवी तेवढी वाढवायला मोकळीक आहे. फरक इतकाच की कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहता येते. बावीस वर्षांच्या मुलाला तसे करता येत नाही. एक वर्ष रिकामे गेले की पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्या वर्षाचा जाब द्यावा लागतो.

मागणीची बाजू याहून धडकी भरवणारी आहे. टीसीएसने २०२१-२२ या एका वर्षात एक लाखाहून अधिक फ्रेशर घेतले. २०२४-२५ मध्ये ही संख्या सुमारे ४२ हजार होती. मधल्या २०२३-२४ मध्ये तर कंपनीची एकूण कर्मचारीसंख्याच १३ हजारांनी घटली, २००४ साली शेअर बाजारात आल्यापासून पहिल्यांदाच. आणि जुलै २०२५ मध्ये आणखी सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचे तिने जाहीर केले. एका बड्या कंपनीने २०२२ च्या तुकडीला ऑफर लेटर दिले आणि जॉइनिंग २०२४ पर्यंत लांबवले, हेही वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेले आहे. ही तात्पुरती मंदी असेल, असे म्हणणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे अंशतः बरोबरही ठरू शकते. पण कोविडच्या काळातली भरती हाच अपवाद होता. त्या वर्षाकडे बोट दाखवून आजही जो प्रवेश विकला जातो, तो ग्राहकाची फसवणूक आहे.

आता कौशल्याच्या आरोपाकडे येऊ. ‘अॅस्पायरिंग माइंड्स’ या संस्थेने २०१९ च्या अहवालात म्हटले की ऐंशी टक्क्यांहून अधिक भारतीय इंजिनिअर ज्ञानाधारित उद्योगांतल्या नोकरीला लायक नाहीत. हा आकडा इतका गाजला की तो आजही मंत्र्यांच्या भाषणांत येतो. दुसरीकडे ‘इंडिया स्किल्स रिपोर्ट’च्या २०२५ च्या आवृत्तीनुसार बीई-बीटेक झालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के मुले नोकरीयोग्य आहेत. पाच-सहा वर्षांत देशातली महाविद्यालये इतकी सुधारली असतील, यावर प्राचार्यांच्या बैठकीतही कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन परीक्षा वेगळ्या, दोन व्याख्या वेगळ्या आणि अशा चाचण्या घेणे, विकणे हा स्वतःच एक धंदा. या आकड्यांपेक्षा मला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेचा २०२४ चा भारतीय रोजगार अहवाल अधिक बोलका वाटतो. २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. आता अडाणी मुलाकडे पदवीधरापेक्षा जास्त कौशल्य आहे, असा याचा अर्थ कोणी लावणार आहे का? अडाणी मुलाला मिळेल ते काम करण्यावाचून गत्यंतर नसते. शिकलेला मुलगा आपल्या शिक्षणाला साजेशा पहिल्या पायरीची वाट पाहतो, आणि ती पायरीच मोडलेली आहे.

ती पायरी कशी होती हे आठवून पाहण्यासारखे आहे. भिलाईचा पोलाद कारखाना, भेल, महाराष्ट्राचे वीज मंडळ, पुण्याची टेल्को, या ठिकाणी नव्या इंजिनिअरला पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून घेत. वर्षभर तो या शॉपमधून त्या शॉपमध्ये फिरायचा, फोरमनची बोलणी खायचा, ड्रॉइंगवर सही करण्याचा अधिकार त्याला नसायचा आणि पगार मात्र मिळायचा. कोणालाही हा दानधर्म वाटत नव्हता. पुढची तीस वर्षे तो तिथेच काढणार, हे गृहीत होते. नव्वदीनंतर सरकारी भरती आटली आणि ही जबाबदारी आयटी कंपन्यांनी उचलली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. सिव्हिल झालेल्या, मेकॅनिकल झालेल्या, कॉम्प्युटरला फारसा हात न लागलेल्या मुलांनाही इन्फोसिसने म्हैसूरच्या आवारात ठेवून, खाऊपिऊ घालून, काही महिने पगार देऊन प्रोग्रामिंग शिकवले. विदर्भातल्या किती घरांचे पांढरपेशात रूपांतर त्या काही महिन्यांनी केले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही; तो ठेवला तर आकडा मोठा निघेल. परदेशी गिऱ्हाईक शिकाऊ हातांच्या तासांचेही डॉलर मोजत होते, म्हणून हे परवडत होते. गिऱ्हाईकाने हात आखडता घेतला, नोकऱ्या बदलण्याचे प्रमाण वाढले आणि शिकवलेला मुलगा दोन वर्षांत दुसरीकडे जाऊ लागला, तेव्हा कंपन्यांनी साधा हिशेब केला: तयार मुलेच घेऊ.

तयार मुले मग तयार कोण करणार? महाविद्यालयाने करावीत, असे कंपन्या म्हणतात. पण ज्या शिक्षकाने स्वतः कारखाना किंवा सॉफ्टवेअरचा खराखुरा प्रकल्प पाहिलेला नाही, आणि ज्याचा पगारही अनेक ठिकाणी वेळेवर होत नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे कागदावरच शोभते. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात तंत्रशिक्षण परिषदेने श्रेयांकांचे ओझे १६० वर आणले, इंटर्नशिप सक्तीची केली. हेतू उत्तम होता. पण जिल्ह्यात हजारो मुलांना इंटर्न म्हणून घेणारे दरवाजेच नसतील, तर सक्तीचे रूपांतर सर्टिफिकेट विकत घेण्यात होते, आणि ते झाले आहे. शेवटी उरते कुटुंब. चार वर्षांच्या फीनंतर पुण्याला किंवा हैदराबादच्या अमीरपेठेत सहा महिन्यांचा क्लास, तिथली खोली, मेस, शिवाय अनुभवाच्या नावाखाली विनापगार काम. यालाच आपण ‘स्वतःला अपस्किल करणे’ म्हणतो. ज्याच्या बापाला एक वर्ष आणखी पोसता येते तो तयार होतो, ज्याला येत नाही तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो किंवा बँकेच्या वसुली विभागात लागतो. कौशल्याची दरी म्हणून जी मोजली जाते ती पुष्कळ अंशी बापाच्या ऐपतीची दरी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा हिशेब आणखी कडक केला आहे. फ्रेशरला सुरुवातीला जी कामे देत, साधे कोड लिहिणे, चाचण्या तयार करणे, जुन्या प्रणालीतल्या बारीक चुका काढणे, तीच कामे ही साधने सर्वांत चांगली करतात. स्टॅनफर्डमधील एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या वेतनपटांवरून दाखवले की ज्या व्यवसायांना या साधनांची झळ सर्वाधिक आहे तिथे २२ ते २५ वयाच्या कर्मचाऱ्यांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरला. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी माणसांना मात्र तसा धक्का बसलेला नाही. अमेरिकेचा अनुभव जसाच्या तसा इथे लागू होईल असे नाही. तरी त्यातला गाभा महत्त्वाचा आहे. बाजाराला इंजिनिअर नकोसा झालेला नाही, त्याला पहिल्या दोन वर्षांतला इंजिनिअर नकोसा झाला आहे. आणि पहिल्या दोन वर्षांतून गेल्याशिवाय पाचव्या वर्षाचा इंजिनिअर जन्माला येत नाही. प्रत्येक कंपनीला एकटीने पाहिले तर तिचा निर्णय शहाणपणाचा आहे, सगळ्यांचा मिळून तो मूर्खपणाचा आहे. अशा जागी बाजाराबाहेरून कोणीतरी हात घालावा लागतो.

तो हात जिल्ह्याने घालावा, असे माझे म्हणणे आहे. आणि वर्धा जिल्ह्यात तो घालता येतो. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत तेरा लाखांची वस्ती, असा हा लहान जिल्हा. पण इथे इंजिनिअरिंगचे काम नाही हे खरे नाही. वर्ध्याजवळ भूगावला पोलादाचा कारखाना आहे, जो लॉयड्सकडून उत्तमकडे आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून आता इव्होनिथकडे आला. देवळीला औद्योगिक वसाहत आहे. हिंगणघाटला सूतगिरण्या आणि कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची मोठी बाजारपेठ आहे. एके काळी ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या कापूसबाजारात कापसाच्या प्रतीचे नाव म्हणून चालत असे. सिंदीला कोरडे बंदर आणि मालवाहतुकीचे केंद्र उभे राहते आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, वर्धा-नांदेड रेल्वेमार्गाचे काम चालू आहे, नियोजित शक्तिपीठ महामार्गाचे एक टोक पवनारला आहे आणि त्याच्या जमिनींवरून राज्यभर वाद पेटलेला आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याचा सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा या जिल्ह्यातून जायचा आहे आणि अंदाजित खर्च आहे ८८,५७५ कोटी. याखेरीज गावोगावच्या नळ योजना, शेतावरचे सौर पंप, घरांवरचे सौर संच. यांतला प्रत्येक पंप पाच-सात वर्षांत कोणीतरी उघडून पाहणार आहे.

एवढे काम असून मुलांना काही मिळत नाही याचे कारण कामाच्या वाटपात आहे. महामार्गाचे आराखडे मुंबई-दिल्लीच्या सल्लागार कंपन्या करतात. ठेकेदार आपली माणसे घेऊन येतो, काम संपले की घेऊन जातो. स्थानिक सिव्हिल इंजिनिअरला मिळते ते उपठेकेदाराकडचे सुपरवायझरचे काम: मजुरांची हजेरी, सिमेंटच्या पोत्यांची मोजदाद, महिन्याला बारा-पंधरा हजार, तेही ठेकेदाराचे बिल निघाले तर. मोजमाप पुस्तिका त्याच्या हाती पडत नाही, डिझाइन त्याला दाखवले जात नाही, मातीच्या चाचणीचा अहवाल त्याच्यासमोर उघडला जात नाही. दोन वर्षांनी त्याच्या अर्जावर दोन वर्षांचा अनुभव लिहिलेला असतो आणि डोक्यात त्यातले तीन महिनेसुद्धा नसतात. काम शेजारून गेले म्हणून कोणी शिकत नाही. कामात शिकणाऱ्याची जागा आधीच राखून ठेवावी लागते.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे, १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर इंजिनिअर त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार सोसते. कायद्यात उणीव आहे ती रकमेची. पदवीधराचे किमान विद्यावेतन ठरले ९ हजार रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर होता दिवसाला ३१२. सव्वीस दिवसांचे ८,११२ होतात. चार वर्षांच्या पदवीची किंमत मातीकामापेक्षा महिन्याला ८८८ रुपये जास्त, असे आपल्या नियमांनी ठरवले. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान याच गावात, स्वावलंबी मैदानावर, विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीसाठी आले होते. त्या योजनेत सुताराला, लोहाराला प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये मिळतात, शिवाय १५ हजारांची अवजारे. हे योग्यच आहे. शिकताना पोट भरले पाहिजे हे तत्त्व त्या योजनेने मान्य केले. तेच इंजिनिअरच्या बाबतीत मान्य करायला आपण का कचरतो? केंद्रीय शिकाऊ परिषदेने २०२५ मध्ये विद्यावेतनात ३६ टक्के वाढ सुचवली, तरी वरची मर्यादा १२,३०० पर्यंतच जाते.

समजा, जिल्ह्याने ठरवले की दरवर्षी पाचशे पदवीधर आणि पदविकाधारक महिन्याला वीस हजारांवर बारा महिने कामात घ्यायचे. एकूण खर्च येतो बारा कोटी. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिन्याला १० हजार देते, केंद्राचा हिस्सा वेगळा. दोन्ही योजनांचे नियम एकमेकांत बसवावे लागतील, पण पैसा मुळातच नाही अशी स्थिती नाही. एकट्या नदीजोड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाचा हजारावा भाग ८८ कोटींहून जास्त होतो. निविदेत एक अट घालायची: अमुक कोटींच्या कामामागे अमुक शिकाऊ इंजिनिअर, त्यांतले निम्मे जिल्ह्यातले, त्यांना साइटबरोबर डिझाइन कक्षातही बसवायचे, आणि त्यांची नोंदवही कार्यकारी अभियंत्याने दर तिमाहीला तपासायची. तपासली नाही तर ठेकेदाराचे बिल थांबायचे. शेवटची ओळ नसेल तर बाकीच्या ओळी लिहू नयेत.

यावर येणारा पहिला आक्षेप जुना आहे आणि वर्ध्यातच घेतला गेलेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथल्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उत्पादनातून शाळेचा खर्च ही कल्पना मांडली, आणि अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी त्यातल्या स्वावलंबनाच्या भागावर बोट ठेवले: शाळेतला स्वस्त माल बाजारात आला तर बाहेरच्या कारागिराचे काय? आज हाच प्रश्न असा विचारला जातो: स्वस्त शिकाऊ मिळाला तर मालक कायम कामगार कशाला घेईल? आक्षेप खरा आहे. अनेक कारखान्यांत शिकाऊच्या नावाखाली तीन पाळ्या चालवल्या जातात. म्हणूनच वीस हजारांचा आग्रह. शिकाऊ माणूस कायम माणसाच्या पगाराच्या जवळपास आला की त्याला केवळ स्वस्त म्हणून ठेवण्यात लाभ उरत नाही, शिकवून ठेवण्यातच उरतो. मुदत बारा महिन्यांची आणि तीही एकदाच, हा दुसरा बांध. गांधीजींची ही कल्पना, म्हणजे नयी तालीम, पुढे सरकारी शाळांतून तकलीच्या तासापुरती उरली, याला मुख्य कारण काम आणि शिकणे यांची फारकत. मुले सूत काततात आणि मास्तर दुसरे काही शिकवतात, अशी अवस्था झाली. तिचा अभ्यासक्रम आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीला हे अभिप्रेत नव्हते. शिकाऊ इंजिनिअरकडूनही फक्त हजेरी भरून घेतली तर तेच होईल, त्यात शंका नको.

दुसरा आक्षेप उद्योजकांचा: लहान जिनिंगवाल्याला इंजिनिअर कशाला हवा, फिटर पुरे. आजच्या घडीला हे खरे आहे. पण नागपूरची एक कंपनी, बजाज स्टील, जिनिंगची यंत्रे बनवून परदेशात पाठवते. कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्रही नागपुरातच आहे. या यंत्रांच्या धंद्यात बुद्धीला जागा आहे आणि ती आपल्यापासून ऐंशी किलोमीटरवर आहे. लहान उद्योगाला पूर्णवेळ इंजिनिअर परवडत नाही, दहा उद्योगांना मिळून एक परवडतो. विजेचे बिल, मोटारींची कार्यक्षमता, धूळ, गाठीतली आर्द्रता, असल्या कामांसाठी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेसारखी संस्था शिकाऊंची तुकडी ठेवू शकते. ती संस्था मगनवाडीत आहे, जिथे १९३४ पासून गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचा कारभार पाहत होते. कुमारप्पा हिशेबतपासनीस होते, हे लोक विसरतात. मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारसाठी त्यांनी औद्योगिक पाहणीच्या समितीचे अध्यक्षपद घेतले, तेव्हा त्यांची सुरुवात कोणत्या गावात काय पिकते, काय बनते आणि काय बाहेरून येते, याच्या मोजणीपासून होती. तशी मोजणी आज अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल; त्यांचे प्रकल्प अहवाल नाहीतरी झेरॉक्सच्या दुकानात तयार होतात.

तिसरा आक्षेप मुलांचाच आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. आम्हाला इथे राहायचेच नाही, असे ती म्हणतात. वर्ध्यात शिकाऊ राहून आम्ही पुण्याच्या रांगेत एक वर्ष मागे पडू. त्यांना गावातच थांबा असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांची स्वतःची मुले बाहेर आहेत त्यांना तर मुळीच नाही. या योजनेचे यश किती मुले जिल्ह्यात राहिली यावर मोजूच नये. पोलादाच्या कारखान्यात वर्षभर भट्टीच्या नियंत्रण प्रणालीवर काम केलेली मुलगी पुण्याला गेली तर ती तीन लाख छत्तीस हजारांच्या सामुदायिक रांगेत उभी राहणार नाही. औद्योगिक स्वयंचलनाच्या धंद्यात ती अनुभवी म्हणून जाईल. सौर पंपांचा बिघाड आणि त्याची आकडेवारी ज्याने वर्षभर हाताळली, त्याला डेटा सायन्सच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक काहीतरी दाखवता येईल. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने इथे त्याच्या विरुद्ध न जाता त्याच्या हाताशी येतात, कारण कोणत्या पंपाचा आकडा खोटा आहे हे साधनाला सांगता येत नाही, शेतात जाऊन आलेल्याला येते. ज्याला सॉफ्टवेअरच करायचे आहे त्याने खुशाल करावे. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एचसीएल आहे. तिथेही शिकाऊंच्या टक्केवारीचा तोच कायदा लागू आहे आणि तो नीट पाळला जातो का हे विचारण्याचा हक्क नागपूर विभागातल्या प्रत्येक महाविद्यालयाला आहे.

राहिला प्रश्न महाविद्यालयांचा. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट मागेन. प्रवेशाच्या हंगामात फलकावर सर्वांत मोठे पॅकेज छापतात. एका मुलाला लागलेले बावीस लाख, त्याचा फोटो, खाली कंपन्यांच्या चिन्हांची रांग. त्याऐवजी मागच्या तुकडीचा मधला पगार छापावा, म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मध्ये येणाऱ्याचा. आणि ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांनाही त्या रांगेत शून्यावर उभे करावे. पदवीनंतर अठरा महिन्यांनी पुन्हा एकदा तोच आकडा. तंत्रशिक्षण परिषदेने आणि विद्यापीठाने तो सक्तीचा करावा, तपासून घ्यावा आणि प्रवेशाच्या पोर्टलवर शाखेच्या नावासमोर ठेवावा. पहिल्या वर्षी काही महाविद्यालयांचे प्रवेश कोसळतील. कॉम्प्युटरच्या काही जागा रिकाम्या राहतील आणि इलेक्ट्रिकलच्या भरतील, किंवा उलटेही होईल. ते आज ठरवण्याचे कारण नाही. पालकाला मात्र जूनमध्ये सही करताना आपण कशावर सही करतो आहोत हे कळेल, आणि जिल्हा नियोजन समितीला कोणत्या शाखेच्या किती मुलांसाठी शिकाऊ जागा शोधायच्या याचा पहिला खरा आकडा मिळेल.